‘आमच्यात कोणालाच शुगर नाही’ म्हणून मुलाची साखर तपासायची राहू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या मधुमेहाबद्दल खान्देशात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक आईवडिलांचं : “आमच्या सात पिढ्यांत कोणाला शुगर नाही, मग याला कुठून आली?” दुसरं सोयरीक जमवणाऱ्यांचं : “पोरगी चांगली आहे, पण तिच्या भावाला लहानपणापासून इंजेक्शन चालू आहे. रक्तातच आहे त्यांच्या.” दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. टाइप १ मधुमेह सिकलसेल या रक्ताच्या आजारासारखा आईबापांकडून सरळ मुलात उतरतो, म्हणून घरात असला तर येणारच आणि नसला तर येऊच शकत नाही. पहिल्या वाक्यामुळे निदान लांबतं आणि मूल बेशुद्धीच्या उंबरठ्यावर दवाखान्यात पोहोचतं. दुसऱ्यामुळे ठरलेली लग्नं मोडतात. जनुकांचा या आजारात वाटा नेमका किती, आणि ते कळल्यावर घरच्यांनी आणि दवाखान्यांनी काय करायचं, यासाठी हे पत्र.

सिकलसेलचं उदाहरण मुद्दाम घेतलं. नंदुरबार जिल्ह्यात आणि चोपडा-यावलच्या सातपुडा पट्ट्यात त्याची तपासणी पाड्यापाड्यापर्यंत गेली आहे आणि ‘वाहक’ म्हणजे काय हे लोकांना ठाऊक झालं आहे. तिथे हिशोब सोपा असतो. एका जनुकातला एक बदल. दोन्हीकडून आला तर आजार, एकीकडून आला तर वाहक. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता. टाइप १ मधुमेहाला हा हिशोब लागू होत नाही. त्याच्याशी नातं असलेल्या जनुकीय जागा आजवर साठाहून जास्त सापडल्या आहेत. त्यातली एकही एकटीने आजार घडवत नाही, आणि त्यातल्या जवळपास सगळ्याच जागा धडधाकट माणसांतही आढळतात. त्यामुळे या आजाराला ‘वाहक’ असा प्रकारच नाही.

आजार काय आहे ते थोडक्यात. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी असतात. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, नष्ट करत राहते. पुरेशा पेशी गेल्या की साखर चढते आणि बाहेरून इन्सुलिन दिल्याशिवाय मूल जगत नाही. आजोबांना साठीत झालेली, गोळ्यांवर चालणारी शुगर म्हणजे टाइप २. तिची जनुकं बव्हंशी वेगळी आहेत. आजोबांची शुगर नातवाच्या टाइप १ ला कारण नसते, आणि आजोबांना नव्हती म्हणून नातू सुरक्षित असंही नसतं. आईने गरोदरपणी गोड खाल्लं, मुलाने केळी-गूळ-पेढे खाल्ले, लस टोचली, यातल्या कशानेही हा आजार होत नाही. आईला दोष देणं तर घरोघरी चालतं, आणि त्याला कसलाही आधार नाही.

आता जनुकांकडे. सगळ्यात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए नावाच्या पट्ट्याचा. या आजाराच्या एकूण आनुवंशिक धोक्यातला जवळजवळ अर्धा भार तो एकटा उचलतो. हा संबंध १९७४ च्या सुमारास लक्षात आला. एचएलए जनुकं पेशीच्या पृष्ठभागावर एक खाच असलेला रेणू बनवतात. त्या खाचेत प्रथिनाचा बारीक तुकडा धरून तो रोगप्रतिकारक पेशींना दाखवला जातो : हे आपलं, हे परकं. खाचेचा आकार माणसागणिक बदलतो, आणि काही आकारांत इन्सुलिनचे तुकडे अशा रीतीने बसतात की ओळखीत घोळ होतो. १९८७ मध्ये दिसून आलं की यातल्याच डीक्यू नावाच्या रेणूच्या एका साखळीत ५७ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असेल तर सहसा संरक्षण मिळतं, आणि तिथे दुसरं अमिनो आम्ल असेल तर धोका वाढतो. एवढ्या मोठ्या रेणूतल्या एका कडीवर बरंच काही ठरतं. मात्र सगळंच त्यावर ठरत नाही, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं.

एचएलए प्रकारांच्या धोक्याच्या दोन जोड्या प्रसिद्ध आहेत : डीआर३-डीक्यू२ आणि डीआर४-डीक्यू८. एक आईकडून आणि दुसरी वडिलांकडून, अशा दोन्ही मिळालेल्या मुलाला धोका सर्वाधिक. युरोपीय वंशाच्या मुलांत या सगळ्यात धोक्याच्या गटातही पंधराव्या वर्षापर्यंत साधारण वीसात एकालाच आजार होतो. उरलेली एकोणीस निरोगी राहतात. उलट डीक्यू६ मधला ०६:०२ हा प्रकार एकाच बाजूने आला तरी लहानपणी जोरदार संरक्षण देतो. म्हणजे एकाच मुलात धोक्याची आणि संरक्षणाची जनुकं शेजारी शेजारी असू शकतात. ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एचएलए नंतर नंबर लागतो अकराव्या गुणसूत्रावरच्या खुद्द इन्सुलिनच्या जनुकाचा. त्याच्या अलीकडे डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो थोड्या वेळा आला असेल तर धोका साधारण दुप्पट, शंभराहून जास्त वेळा आला असेल तर संरक्षण. याचं कारण छातीत हृदयाच्या वर असलेल्या थायमस ग्रंथीत आहे. रोगप्रतिकारक पेशींची शाळा तिथे भरते. लांब तुकडा असेल तर थायमसमध्ये इन्सुलिन जास्त तयार होतं, आणि इन्सुलिनवर उठणाऱ्या पेशी तिथल्या तिथे बाद होतात. तुकडा आखूड असेल तर तशा काही पेशी सुटून रक्तात येतात. पीटीपीएन२२, सीटीएलए४, आयएल२आरए ही बाकीच्या जनुकांची नावं रिपोर्टात दिसतात. त्यांचा एकेकट्याचा परिणाम किरकोळ. पीटीपीएन२२ मधला युरोपात गाजलेला बदल तर भारतीयांत दुर्मीळच आहे.

इथे आपल्याकडच्या वाचकाने सावध व्हावं. धोक्याची बहुतेक गणितं युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेली आहेत. भारतीय रुग्णांत डीआर३ चा जोर जास्त दिसतो, आणि तो युरोपातल्यापेक्षा वेगळ्या शेजारी जनुकांसोबत येतो. पुण्याचं केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडमधलं एक्झिटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० मध्ये दाखवलं की युरोपीय जनुकीय गुणांकन (अनेक जनुकांचा धोका एकत्र मोजून काढलेला आकडा) भारतीयांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला उपयोगी पडतं, पण जनुकांचं वजन आपल्या लोकांप्रमाणे नव्याने लावावं लागेल. गुणांकनाची खरी जागा ही आहे : पंचविशीतल्या रुग्णाला कोणता प्रकार आहे हे ठरवताना डॉक्टरांना मदत. निरोगी मुलाचं भविष्य सांगण्यासाठी ते नाही.

मग जनुकं सोडून उरतं काय? हे जुळ्यांवरून सगळ्यात स्पष्ट कळतं. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए एकच. तरी एकाला टाइप १ झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता बहुतेक अभ्यासांत तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान येते. आयुष्यभर पाठपुरावा केला तर आणखी वाढते, पण शंभरापर्यंत पोहोचत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. टिश्यूकल्चरची जी-नाईन जातीची सगळी रोपं आनुवंशिकदृष्ट्या एकच, पण एका शेतातला घड दुसऱ्या शेतातल्यासारखा भरत नाही. मुलांच्या बाबतीत ‘शेत’ म्हणजे काय, याची यादी अजून पुरी नाही. आतड्यात राहणाऱ्या एंटेरोव्हायरस गटातल्या विषाणूंवर, विशेषतः कॉक्सॅकी-बी वर, संशय सर्वाधिक आहे. युरोपात कित्येक दशकं या आजाराचं प्रमाण दरवर्षी तीन-चार टक्क्यांनी वाढत गेलं. जनुकं एवढ्या वेगाने बदलत नाहीत. बदललं ते भोवतालचं जग. अमेरिका, फिनलंड, स्वीडन आणि जर्मनीत चालणाऱ्या ‘टेडी’ या अभ्यासाने चार लाखांहून जास्त नवजात बालकांची जनुकं तपासून जास्त धोक्याची साडेआठ हजारांहून अधिक मुलं निवडली आणि त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मुद्दाम धोक्याची म्हणून निवडलेल्या त्या मुलांतल्याही बहुसंख्यांना मधुमेह झालेला नाही.

आता सोयरिकीचा हिशोब. आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. भारतात सर्वसाधारण मुलांत हा आजार तिथल्यापेक्षा विरळ असल्याने आपल्याकडे ते याहून वर असण्याचं कारण दिसत नाही. आईला टाइप १ असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन ते चार. वडिलांना असेल तर सहा ते आठ. सख्ख्या भावंडाला असेल तर पाच-सहा. म्हणजे ज्या मुलीला स्वतःला टाइप १ आहे, तिच्यासारख्यांच्या शंभर मुलांपैकी किमान शहाण्णवांना तो होणार नाही. जिच्या फक्त भावाला आहे, तिच्या मुलांचा धोका त्याहूनही कमी. वडिलांकडून धोका जास्त का, याची अनेक स्पष्टीकरणं आहेत आणि एकावरही एकमत नाही. पण आपल्याकडे नकार मात्र नेहमी मुलीच्या वाट्याला येतो, आणि आकडे नेमके उलट बोलतात. लग्नाआधी ‘जीन टेस्ट करून घ्या’ असा सल्ला देणारेही आता भेटतात. सिकलसेलसाठी लग्नाआधीची तपासणी योग्यच आहे. टाइप १ साठी तशी उपयोगाची कोणतीही तपासणी नाही.

उलट दिशेचा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. नव्याने निदान होणाऱ्या दहा मुलांपैकी आठ-नऊ मुलांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत कोणालाही टाइप १ नसतो. केसपेपरवर ‘कौटुंबिक इतिहास : नाही’ असं लिहून साखरेचा विचार बाजूला ठेवणारा डॉक्टर दहापैकी आठ-नऊ वेळा चुकणार. त्या रकान्याला लहान मुलांच्या निदानात काडीची किंमत देऊ नये.

खान्देशात ही चूक उन्हाळ्यात जास्त होते, कारण भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर गेला की प्रत्येक मूल पाणी पाणी करतं. फरक लघवीत पाहायचा. उन्हाने तहान लागते तेव्हा लघवी कमी होते आणि गडद पिवळी असते. मधुमेहात तहानही खूप आणि लघवीही खूप, पाण्यासारखी फिकी, रात्रीतून तीन-तीन वेळा उठवणारी. अंथरूण ओलं करणं बंद झालेलं मूल पुन्हा करू लागलं, मोरीत लघवीच्या जागी मुंग्या लागल्या, तान्ह्या बाळाचं लंगोट नेहमीपेक्षा जड आणि चिकट लागू लागलं, भूक असूनही कपडे सैल झाले, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासावी. ‘दोन दिवस बघू’ असं या आजारात चालत नाही. लहान मूल चोवीस तासांतही गंभीर होतं.

गंभीर होतं म्हणजे काय? इन्सुलिन नसल्याने पेशींना साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन आम्लं साठतात. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि भरभर चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. आता ही लक्षणं दवाखान्यात काय समजली जातात ते पाहा. उलट्या म्हणजे ऊन लागलं; पोटदुखी म्हणजे अपेंडिक्स; धाप म्हणजे न्यूमोनिया किंवा दमा. दम्याच्या समजुतीने स्टेरॉइड दिलं की साखर आणखी चढते. ऊन लागलं म्हणून डेक्स्ट्रोजची (साखरेच्या पाण्याची) बाटली लावली की तीच गोष्ट. घरचे मायेने उसाचा रस आणि थंड पेयं पाजत असतात ते वेगळंच. धाप लागलेल्या मुलाची छाती स्टेथोस्कोपने स्वच्छ ऐकू येत असेल, किंवा अंगात पाणी कमी झालेलं मूल तरीही भरपूर लघवी करत असेल, तर बाटली टांगण्याआधी बोटातून एक थेंब घ्यावा. लागतो एक मिनिट आणि एक पट्टी.

हा थेंब घेण्यातही चुका होतात, म्हणून पद्धत सांगतो. मुलाचे हात साबणाने धुवून कोरडे करावेत. केळी, आंबा किंवा रस लागलेल्या बोटातून घेतलेलं रीडिंग खोटंच दोनशे-तीनशे दाखवू शकतं. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण सुकू द्यावं. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. बोट जोरात पिळू नये. पट्ट्यांची डबी वापरून लगेच बंद करावी आणि बहुतेक कंपन्यांच्या सूचनेप्रमाणे ३० अंशांखाली ठेवावी. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत फिरलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नये. लक्षणं असलेल्या मुलाचं रीडिंग २०० किंवा त्याहून जास्त आलं, तर जेवणाआधी-जेवणानंतरच्या तपासण्या, ग्लुकोज पाजून करायची चाचणी आणि तीन महिन्यांची सरासरी यांत वेळ न दवडता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावं. मशीनने आकड्याऐवजी ‘हाय’ दाखवलं तर ते मशीन बिघडल्याचं लक्षण समजू नये. साखर त्याच्या मोजमापाच्या वर गेली आहे, असा त्याचा अर्थ.

मूल पाठवण्याआधी काय करावं, असं गावातले डॉक्टर विचारतात. गंभीर असेल तर ०.९ टक्के नॉर्मल सलाइन, किलोमागे १० ते २० मिली, अर्ध्या तासात. शिरेतून एकदम इन्सुलिनचा डोस देऊ नये. इन्सुलिन द्रव सुरू झाल्यानंतर साधारण तासाभराने, ठिबक पद्धतीने, किलोमागे तासाला ०.०५ ते ०.१ युनिट, आणि तेही पोटॅशियम पाहून. साखर घाईने खाली ओढण्याचा उत्साह मुलाच्या मेंदूला सूज आल्यास अंगाशी येतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून नंदुरबारपर्यंतच्या घाटरस्त्यात एवढं केलं तरी खूप झालं.

जनुकांची तपासणी खरोखर करायलाच हवी अशीही मुलं आहेत, आणि ती नेमकी दुर्लक्षित राहतात. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह दिसला तर तो टाइप १ जवळजवळ नसतोच. तो एका जनुकातल्या बदलाचा मधुमेह असतो. केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ या जनुकांत बदल असेल तर इन्सुलिन बंद करून ग्लिबेनक्लामाइडच्या गोळ्यांवर येणं बहुतेक बाळांना जमतं, मात्र ते रुग्णालयात आणि तज्ज्ञांच्या नजरेखालीच. म्हणून तान्हेपणी इन्सुलिन सुरू झालेल्या प्रत्येक मुलाची, आज ते दहा वर्षांचं असलं तरी, ही तपासणी व्हावी. एक्झिटर विद्यापीठ नऊ महिन्यांच्या आत निदान झालेल्यांची तपासणी मोफत करतं. भारतात चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये सोय आहे. बालरोगतज्ज्ञांमार्फत रक्ताचा नमुना पाठवता येतो. दुसरा गट म्हणजे ज्या घरात आजी, वडील आणि मूल अशा सलग तीन पिढ्यांत पंचविशीच्या आत, फारसं वजन नसताना शुगर निघाली. तिसरा, लहानपणी मधुमेह आणि काही वर्षांत दृष्टी अधू होत जाणारी मुलं. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब व्हायला वर्षं जावी लागतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिसेनासं होऊ लागलं तर वोल्फ्रॅम सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा विचार करावा. नात्यात, म्हणजे मामा-आत्याच्या मुलांत, लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते. घराण्यात उतरण्याची भीती इथे खरी आहे. ती टाइप १ च्या मुलांच्या माथी मारली जाते.

लाळेच्या नमुन्यावर ‘आरोग्याचं जनुकीय भविष्य’ सांगणारी पाकिटं ऑनलाइन विकली जातात. त्यांत ‘मधुमेह : मध्यम धोका’ असं लिहून आलं तर बहुधा टाइप २ ची जनुकं मोजलेली असतात. निरोगी मुलावर हे पैसे घालवू नयेत. एचएलए-बी२७ ही मणक्याच्या आजारासाठी केली जाणारी तपासणी आहे. तिचा टाइप १ च्या निदानाशी संबंध नाही, तरी ‘एचएलए केलंय’ म्हणून तो रिपोर्ट मधुमेहाच्या फायलीत लावलेला दिसतो.

ज्या मुलाला टाइप १ आहे त्याच्या भावंडांना उपयोगी पडू शकणारी तपासणी अँटिबॉडीची आहे. जनुकं शक्यता सांगतात. अँटिबॉडी हल्ला सुरू झाला की नाही ते सांगतात. चार मुख्य आहेत : जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिन अँटिबॉडी. दोन किंवा जास्त सापडल्या तर साखर नॉर्मल असली तरी हा आजाराचा पहिला टप्पा मानतात. अशा मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह होतो, आणि नंतर बहुतेक सगळ्यांना. एकच सापडली तर दहा वर्षांत पंधरा टक्क्यांच्या आसपास. तीही कधी नाहीशी होते. एकदाच तपासायचं तर चुकण्याचा संभव जास्त. दुसऱ्या आणि सहाव्या वर्षी, असं दोनदा केलं तर बरीच मुलं सापडतात. पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या नमुन्यावर खात्री करून घ्यावी. प्रयोगशाळांसाठी एक सूचना : ज्याला इन्सुलिन सुरू होऊन दोन आठवडे झाले, त्याची इन्सुलिन अँटिबॉडी करण्यात अर्थ नाही. इंजेक्शनमुळेही ती तयार होते.

हे कळून करायचं काय, हा प्रश्न रास्त आहे. आजार थांबवणारं औषध आज नाही. टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. साखर बिघडू लागलेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या आठ वर्षांवरच्या मुलांत चौदा दिवस रोज ठिबकाने ते देतात आणि आजार सरासरी दोनेक वर्षं लांबतो. आपल्या सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात ते नाही. तपासणीचा इथला फायदा साधा आहे : घरच्यांना माहीत असतं, म्हणून मूल कीटोॲसिडोसिसमध्ये जाण्याआधी पकडलं जातं. पण ज्या घराला निकाल समजावून सांगणारं आणि पुढे दर सहा महिन्यांनी पाहणारं कोणी नाही, तिथे ही तपासणी करून नुसती धास्ती पेरू नये. त्या घरी ग्लुकोमीटर आणि लक्षणांची माहिती दिली तरी बरंचसं काम होतं.

डीक्यू२ आणि डीक्यू८ हीच जनुकं सीलियाक आजाराचीही आहेत. त्यात गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याच्या आतल्या थराला इजा होते. म्हणून टाइप १ झालेल्या मुलाची निदानाच्या वेळी आणि पुढे साधारण दोन आणि पाच वर्षांनी टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी करावी, पहिल्या वेळी एकूण आयजीए सोबत. तपासणीआधी गहू बंद करू नये, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. इन्सुलिन तेच, जेवण तेच, तरी साखर वारंवार खाली घसरते, उंची वाढत नाही, हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी चढत नाही, तेव्हा हे आठवावं. सीलियाक निघाला तर बट्टी आणि मांडे सुटतील. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी चालते. मात्र ज्या गिरणीत आधी गहू दळला तिथलंच पीठ आणलं तर पथ्य पाण्यात. घरच्या घरघंटीवर किंवा वेगळ्या जात्यावर दळावं. थायरॉइडची टीएसएच तपासणीही निदान स्थिरावल्यावर आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी.

शेवटी पुन्हा सिकलसेल, आणि ही सूचना सातपुड्याच्या पट्ट्यातल्या सगळ्या दवाखान्यांसाठी आहे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी हिमोग्लोबिनवर चालते. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो; दहाचा मधुमेह सातचा दिसू शकतो. नुसत्या वाहकातही काही यंत्रं चुकतात, काही चुकत नाहीत. अशा मुलांत रोजच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामीन (हिमोग्लोबिनवर न चालणारी रक्ततपासणी) यांवर इन्सुलिन ठरवावं. वाहक असेल तर आपली पद्धत हिमोग्लोबिन-एस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) असताना बरोबर चालते का, हे प्रयोगशाळेने यंत्राच्या कंपनीकडून लेखी घ्यावं. तपासणीच्या चिठ्ठीवर मुलाचा सिकलसेलचा प्रकार लिहायचा रकाना करून घ्यावा. पाड्यावरच्या बहुतेक घरांत ते कार्ड आता असतं, विचारलं की दाखवतात.

आपले,
बालमधुमेहाच्या उपचार-तपासणीचं काम करणारे डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व आहारतज्ज्ञ
जळगाव, धुळे, नंदुरबार